न चाललेली पावलं

मी एक जुना कंट्रोलर आहे, व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात तो. आपली ओळख करून देताना सगळे कसे ताठ उभे राहतात. मला उभं राहता येत नाही हे बरंच आहे, कारण मित्रांनो, मला जे सांगायचंय ते मान वर करून सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, बोटांवर पांढरी रबरी टोपडी घातलेल्या. शेवटच्या खुर्चीवरची बाई फार कडक होती. ती प्रत्येक बटण दहा वेळा दाबायची आणि मग अंगठ्याखालची दांडी गोल फिरवून सोडून द्यायची. सोडली की दांडीनं मुकाट्यानं मधोमध परत आलं पाहिजे, हा तिचा नियम. माझ्या शेजारचा जरासा तिरका थांबला, तर तिनं त्याला उचलून टोपलीत टाकलं. मी पहिल्या झटक्यात पास झालो आणि तेव्हापासून स्वतःला फार शहाणा समजू लागलो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. मला पडदा कधीच दिसला नाही. माझं तोंड नेहमी खेळणाऱ्याकडे असतं. पडद्यावर डोंगर असोत की राक्षस, मला दिसते ती खेळणाऱ्याची हनुवटी आणि कळतात ते त्याचे अंगठे. जगाची माझी सगळी माहिती एवढीच आहे.

मला ज्या घरात आणलं तिथल्या थोरल्या मुलानं माझं फार कौतुक केलं. तो मला मऊ फडक्यानं पुसायचा, मित्रांना हात लावू द्यायचा नाही. पुढे त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. खेळाचं मशीन टीव्हीखाली राहिलं आणि मी गेलो खणात, संपलेल्या बॅटऱ्या आणि तुटक्या टेपच्या सोबतीला. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. त्या दोन वर्षांत मी एकच ठरवलं होतं, की आता जो मला हातात घेईल त्याला मी सोडायचं नाही.

मला हातात घेतलं ते घरातल्या बाबांनी.

बाबा पोस्टमन होते. सव्वीस वर्षं एकाच भागात पत्रं वाटलेली, चार मजले एका दमात चढणारे, कुठल्या दारापासून कुठलं दार किती पावलांवर आहे हे तोंडपाठ असणारे. चालताना पावलं मोजायची त्यांना सवयच होती. एका ओल्या जिन्यावरून ते घसरले आणि गुडघ्याचा चुरा झाला. ऑपरेशन होऊन, पायात धातूची पट्टी बसवून ते घरी आले, तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी माझ्या खणासमोरच त्यांना बजावलं होतं, "पहिल्या तीन महिन्यांत गुडघा जेवढा वाकेल तेवढाच तुमचा. नंतर रडून उपयोग नाही." रोज चालायचं, आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग त्याच्या पुढे. गुडघा नीट वाकला तर बाबांना त्यांची वाटपाची फेरी परत मिळणार होती. नाही वाकला तर आयुष्यभर ऑफिसात बसून पत्रं निवडायची.

पहिल्या दिवशी ते काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. समोरच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून काळजीनं विचारलं, "काय हो, आता असंच राहणार का?" त्याच वेळी त्यांच्या जागी आलेला नवा पोस्टमन शेजारच्या इमारतीच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. बाबा परत फिरले. आत येऊन बसले ते थेट टीव्हीसमोर. थोरल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, तू दिवसभर यात काय बघायचास रे.

त्यानं फोनवरूनच सगळं सुरू करून दिलं. तो म्हणाला, "बाबा, समोर डोंगर दिसतोय ना, तिथं जाता येतं."

"मध्ये कुंपण असेल की."

"नाही. दिसतंय तिथं सगळीकडे जाता येतं. जा तुम्ही."

बाबा गेले. पाऊण तास त्यांचा अंगठा माझ्या डाव्या दांडीवर रुतला होता. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, तो माझ्या तोंडावर आला. "खरंच येतं की," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांना ठरलेल्या फेरीबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं, आणि आता फाटकाबाहेरही टाकता येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजही विसरलो नाही.

ऐकून ऐकून मला कळलं ते असं, की त्या खेळात एक भलंमोठं राज्य होतं. एका मांत्रिकानं राजकन्येला बुरुजात डांबलेलं, राज्य आज बुडतंय की उद्या अशी अवस्था. पण गंमत अशी, की तुम्ही फुलं वेचत बसा, नदीवर मासे धरा, राज्य बुडायचं थांबतं. मांत्रिक बिचारा वाट बघत बसतो. बाबा त्या बुरुजाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांना एक गिरणीवालीण भेटली. तिची चिठ्ठी पलीकडच्या गावातल्या बहिणीला द्यायची होती. मग लोहाराचा निरोप, मग मधमाश्या पाळणाऱ्या म्हातारीचा. तलवार पाठीला बांधून बाबा दारोदार चिठ्ठ्या वाटत हिंडायचे. तिथं त्यांना पायाचं कुणी विचारत नव्हतं.

आणि ते पावलं मोजायचे. त्या राज्यातल्या माणसाचीसुद्धा! पुलापासून गिरणी चारशे, गिरणीपासून लोहार सहाशे दहा, असं पुटपुटत.

धाकटीला घरात टिकली म्हणायचे. पाचवीत होती. तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं घरापासून तिच्या शाळेपर्यंतचा रस्ता काढला, शंभर पावलांचा एक असे तेवीस चौकोन पाडले आणि तो तक्ता फ्रीजच्या दारावर लावला. बाबा रोज सांगतील तेवढे चौकोन ती वेगळ्या रंगानं रंगवणार होती. पहिल्या दिवशी ती शाळेतून आली आणि दप्तर खाली ठेवण्याआधीच विचारलं, "बाबा, आज किती?"

बाबांनी मला नुकतंच मांडीवर ठेवलं होतं. "चारशे," ते म्हणाले.

ती कुठली पावलं हे फक्त मला कळलं. ती पुलापासून गिरणीपर्यंतची पावलं होती. टिकलीनं जीभ बाहेर काढून चार चौकोन रंगवले. मग रोज तेच. सहाशे, नऊशे, दीड हजार. सव्वीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात न टाकलेला माणूस पोरीला रोज खोटं सांगत होता, आणि मनाची समजूत घालत होता की आपण मोजलेली तर आहेत.

आता माझं सांगतो. मला सगळं कळत होतं. फिरायची वेळ टळून जायची, काठी दाराशी तशीच असायची. माझी बॅटरी संपली असती तर कदाचित ते उठले असते. मी शेवटचा थेंब ताणून ताणून पुरवायचो. खणातली दोन वर्षं आठवायची आणि माझ्या मनात यायचं, यांचा गुडघा बरा व्हायला वेळ लागला तर चांगलंच आहे. मित्रांनो, हे मी मनात आणलं होतं. कुणी मला करायला लावलं नाही.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, नजर फार बारीक. एकदा बाबांचे बूट उचलून तिनं विचारलं की इतकं चालता तर बुटांना धूळ कशी नाही. बाबा म्हणाले, पुसले. बूट खाली ठेवताना तिनं जरा वेळ लावला.

नवव्या आठवड्यात शाळेत मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. टिकलीनं कुणाला न सांगता फ्रीजवरचा तक्ता काढून नेला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझे बाबा पुन्हा चालू लागले'. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की बाबांना घेऊन ये, त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवते. आई दुकानातून परस्पर शाळेत पोचणार होती. सकाळी दहाला टिकली बाबांना न्यायला घरी आली, तेव्हा मी खिडकीत चार्जिंगला लावलेला होतो. तिथून रस्ता दिसतो. बाबांनी रिक्षाचं नाव काढून बघितलं. टिकली हसून म्हणाली, रोज जाऊन येता आणि आजच रिक्षा कशाला?

ती मोठ्यानं पावलं मोजत होती. साठपर्यंत मला ऐकू आलं. नंतर आवाज पुसट झाला. लाँड्रीच्या पुढे दोन दुकानं गेल्यावर बाबा थांबले, मग एका पायरीवर बसले. टिकलीनं त्यांचा हात ओढून पाहिला. लाँड्रीवाला पाणी घेऊन धावला. मग बाप-लेक परत आले, तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता.

आत आल्यावर टिकलीनं विचारलं, "मग रोजची पावलं?"

बाबांनी खिडकीकडे, माझ्याकडे बोट केलं. "त्यातली. पण मोजलेली होती गं, एकेक."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आपटणार. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी स्केचपेननं रंगवलंय. ते खोडता येत नाही." आणि एकटीच शाळेत गेली.

दुपारी आई तिला घेऊन आली. टिकली आतल्या खोलीत गेली आणि आईनं पदर न खोचता, पर्ससुद्धा खाली न ठेवता सांगितलं, "पोरगी आज तुमच्यासाठी खोटं बोलली. बाबांना ताप आलाय म्हणाली बाईंना, डोळ्याला डोळा भिडवून. इतक्या सफाईनं बोलली की मीसुद्धा क्षणभर फसले."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईनं माझी वायर काढली आणि मला खणात टाकलं. मी निमूट गेलो.

दुसऱ्या दिवसापासून बाबा खरोखर चालू लागले. खण नीट बंद होत नसे, फटीतून थोडं दिसायचं आणि ऐकू तर सगळंच यायचं. संध्याकाळी ते न विचारता सांगायचे, एकशे चाळीस. एकशे पंचेचाळीस. टिकली ऐकून घ्यायची, रंगवायची नाही. दोन आठवड्यांत बाबांचा धीर सुटत चालला. नुसतं चालायचं आणि परत यायचं, यात त्यांचं मन रमेना. काठी पुन्हा दाराशीच राहू लागली.

टिकलीनं त्यांना खेळताना कितीदा तरी पाहिलं होतं. हे लढत नाहीत, नुसत्या चिठ्ठ्या पोचवतात, हे तिनं हेरलं होतं. एक दिवस तिनं कागदाची घडी त्यांच्या हातात दिली. वर लिहिलं होतं, लाँड्रीवाले काका. बाबांनी ती उलटसुलट पाहिली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि काठी उचलली. आत एवढंच होतं, आमच्या चादरी झाल्या का? लाँड्रीवाल्यानं मागच्या बाजूला उत्तर लिहून पाठवलं, परवा. पुढच्या दिवशीची चिठ्ठी शिंप्याला, दोनशे साठ पावलांवर. मग चपला शिवणारा, मग औषधाचं दुकान. प्रत्येक चिठ्ठी आधीच्यापेक्षा जरा लांबच्या दाराची. हातात पोचवायचं काही असलं की बाबा वाटेत बसत नसत.

तीन महिने मात्र तोवर उलटून गेले होते. व्यायामाच्या बाईंनी गुडघा मोजला आणि सांगितलं की आता एवढाच. जिना एकेक पायरी करूनच चढावा लागेल. फेरी कायमची गेली. बाबा आता ऑफिसात बसून पत्रं निवडतात. राज्य थांबतं तसा गुडघाही थांबेल, असं त्या माणसाला वाटायला लावलं ते मी.

शाळेच्या बाईंची चिठ्ठी टिकलीनं सगळ्यात शेवटी लिहिली, पुढे आणखी दोन महिन्यांनी. माझ्या खणाजवळच बसली होती आणि लिहिता लिहिता पुटपुटत होती, म्हणून मला माहीत आहे. "बाई, प्रदर्शनाच्या दिवशी बाबांना ताप नव्हता. त्यांना चालता येत नव्हतं आणि मला ते सांगायची लाज वाटली. तक्त्यावरची पावलं खोटी आहेत. ही चिठ्ठी घेऊन आलेत त्यांची आजची पावलं खरी आहेत."

तिनं घडी केली, चिकटवली आणि बाबांना दिली. आत काय आहे, त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्याचं पत्र त्यांनी कधी उघडलं नव्हतं. तेवीसशे पावलं ते आपलीच लाज खिशात घेऊन चालत गेले.

परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. बाईंनी चिठ्ठी वाचून त्यांनाही वाचायला दिली होती. आईला म्हणाले, "आत काय आहे ते माहीत असतं तर मी वाटेतूनच फिरलो असतो." मग टिकलीकडे वळून त्यांनी सांगितलं, "जाऊन येऊन चार हजार सहाशे." टिकलीनं कपाटामागून गुंडाळलेला तक्ता काढला. जुन्या रंगांवर तिनं काही केलं नाही. रस्त्याच्या कडेनं तिनं पेन्सिलनं एक बारीक रेघ ओढली, घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत.

मला आता रविवारी तासभर बाहेर काढतात. बाबांच्या अंगठ्यानं माझी डावी दांडी पुढच्या बाजूला झिजली आहे. सोडली तरी ती मधोमध येत नाही. त्या टेबलावरच्या बाईनं आज मला टोपलीतच टाकलं असतं. कुणी हात लावला नाही तरी त्या राज्यातला माणूस आपला पुढे पुढे चालतच राहतो, असं टिकली सांगते. मित्रांनो, त्या डोंगरांवर तुम्ही जरूर जा, मला जपून धरा, झालं की पुसून ठेवा. पण घरात कुणी विचारलं की आज किती चाललास, तर माझी पावलं सांगू नका. माझ्या पावलांनी तो माणूस मैलोन्मैल जातो आणि इकडे बाबा जिन्यावर एक पाय ठेवतात, थांबतात, आणि मग दुसरा पाय त्याच पायरीवर आणतात.