खाटेची खरी रुंदी

अग्निशमन दलाच्या कचेरीत नकाशे तपासणाऱ्या बाईंना आम्ही वास्तुविशारद मंडळी पाठीमागे ‘पट्टीबाई’ म्हणत असू. त्या नावात कौतुकापेक्षा धास्ती अधिक होती. वीस वर्षांत त्यांनी कुणाचा नकाशा पहिल्या फेरीत मंजूर केल्याचे ऐकिवात नव्हते.

त्या मंगळवारी माझ्याबरोबर मावशीही आली होती. मावशी चालवत असलेला वृद्धाश्रम ज्या इमारतीत होता, ती दीड महिन्यात पाडायची ठरली होती. नव्या जागेचा मजला मी आखून दिला होता. आजच मंजुरी मिळाली असती, तर पाच आठवड्यांत भिंती उभ्या राहिल्या असत्या. ती हुकली, तर चौदा म्हाताऱ्या माणसांची चार संस्थांत पांगापांग होणार होती. त्यांतली काही बारा बारा वर्षे एका टेबलावर जेवत आली होती.

बाईंनी नकाशा पसरला, चष्मा नाकावर ओढला आणि पेन्सिलीचे टोक मजल्याच्या अगदी शेवटच्या खोलीवर ठेवले.

“इथे कोण?”

“अंथरुणाला खिळलेले पाच जण,” मी म्हणालो. “सर्वांत मोठी खिडकी तिथं आहे. बाहेर झाडं आहेत.”

“आणि रात्री मदतीला?”

“एक परिचारिका आणि एक पहारेकरी,” मावशी म्हणाली.

पेन्सिल मजल्यातून सावकाश चालू लागली. आग लागल्यास खाटा जिन्याने उतरवता येत नाहीत. त्या मजल्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ढकलायच्या आणि मधले अग्निरोधक दार लावून घ्यायचे, हा नियम. त्या दारापाशी पेन्सिल थांबली.

“दार पंच्याण्णव. खाट?”

“नव्वद,” मी तत्परतेने म्हणालो. “माहितीपत्रकातच दिलंय.”

“माहितीपत्रकातल्या खाटेवर माणूस नसतो. कठडे धरले का?”

कठडे मी धरले नव्हते. मावशीने आश्रमात फोन लावला आणि परिचारिकेला शिवणकामाच्या टेपने खाट मोजायला सांगितले. पलीकडून उत्तर आले, तसा तिचा चेहरा उतरला. “अठ्ठ्याण्णव.”

“अहो बाई, तीन सेंटिमीटरसाठी चौदा माणसं रस्त्यावर येतील हो,” ती कळवळून म्हणाली. “सही करा. दार नंतर मोठं करू, शपथ घेऊन सांगते.”

“नंतर कोणी करत नाही. मीसुद्धा माझ्या घराचं छत अजून गळतंच ठेवलंय.” बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “आज नामंजूर लिहिलं, तर फाइल सहा आठवडे मागं जाईल. ती मी सोमवारपर्यंत टेबलावर ठेवते. गुरुवारी दहा वाजता एक खाट घेऊन खाली आवारात या. रात्रपाळीच्या दोघांनाही आणा. आणि खाटेवर झोपायला कुणीतरी.”

“मी झोपते,” मावशी म्हणाली.

गुरुवारी आम्ही टेम्पोतून खाट घेऊन पोहोचलो, तेव्हा बाई आवारात उकिडव्या बसून खडूने रेघा ओढत होत्या. बंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत माझा संपूर्ण मजला खऱ्या मापाने उतरला होता. खोल्यांचे आकडे होते, खांब होते, भिंतीला टेकून ठेवायच्या चाकाच्या खुर्च्यांचेही चौकोन होते. त्यांनी हे काम सकाळी सातपासून एकटीने केले होते, असे तिथल्या जवानाने मला सांगितले. त्यांच्या साडीचा काठ पांढरा झाला होता. आयुष्यात मी शेकडो मजले काढले, पण माझ्याच नकाशातून चालत जाण्याची ही पहिली वेळ होती. आणि तो लांब आहे, हे माझ्या पायांनाच आधी कळले.

मावशी खाटेवर आडवी झाली. जवान गच्चीवरून बघत होते.

“आजी, हेल्मेट देऊ का?” एकाने विचारले.

“तुझ्या चुलत्याला दे, मला उशी हवी!” मावशी ओरडली.

पहिल्या फेरीत कठडा दाराच्या चौकटीच्या रेघेवरून गेला. बाईंनी ती रेघ पायाने पुसली आणि दीड मीटर रुंद, दोन झडपांचे दार आखले. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यांनी मात्र घड्याळ काढले.

“आता पाचही जण. तीन मिनिटांत मार्गिका धुरानं भरते, असं मी धरते.”

परिचारिका आणि पहारेकरी मावशीला शेवटच्या खोलीतून दारापलीकडे नेत, परत आणत, पुन्हा नेत. पाचव्या फेरीला पहारेकऱ्याला धाप लागली होती.

“सात मिनिटं वीस सेकंद,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर मुळीच नव्हता.

झाडे दिसावीत म्हणून मी त्या पाच जणांना सर्वांत दूर नेऊन ठेवले होते. अग्निरोधक दाराला लागून असलेली, सर्वांत सोयीची खोली मी कुणाला दिली होती, हे मावशीने खाटेवरून मान वळवून पाहिले. खडूने तिथे ‘संचालिका’ लिहिले होते.

“हे तू माझ्यासाठी केलंस?”

“तुझे गुडघे दुखतात म्हणून.”

“गुडघे दुखतात, पण आहेत ना! वेडा कुठला.” ती उठून बसली. “बाई, त्या पाचांना माझ्या खोलीत घाला. खिडकीपाशी मी जाते. भिंत थोडी सरकेल ना रे?”

“सरकेल,” मी म्हणालो.

बाईंनी खडू माझ्या हातात दिला. मी गुडघ्यांवर बसून माझ्याच रेघा बदलल्या, आणि त्या माझ्या मागोमाग टेप धरून प्रत्येक रेघ मोजत राहिल्या. पुन्हा पाच फेऱ्या झाल्या. दोन मिनिटे पन्नास सेकंद.

मावशीने टाळी वाजवली. बाई मात्र म्हणाल्या, “खडूवर सही होत नाही. सुधारलेला नकाशा सोमवारी आणा.”

सोमवारी त्यांनी तो पाऊण तास तपासला. मग शिक्का मारला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक अट लिहिली: दर तीन महिन्यांनी खऱ्या खाटेसह सराव करावा.

मावशीने तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, आश्रमात फोन लावला. “ऐका, सगळ्यांना सांगा,” ती म्हणाली. “कुणी कुठे जात नाहीये. सगळे एकत्र.”

पट्टीबाईंनी तोवर पुढची फाइल उघडली होती. पण मावशीचा फोन संपेपर्यंत त्यांनी पान उलटले नाही.