अहोंचं नाव आणि माझा नंबर

हॅलो, येतोय का आवाज? नाही नाही, उठून बाल्कनीत जाऊ नका, बसा तिथंच. मी बोलतोय, दिल्लीतल्या द्वारकेच्या कुमुदिनी राजवाडे यांच्या फोनमधलं जुनं सिमकार्ड. अंगाने नखाएवढा आहे, पण माझ्या आकारावर जाऊ नका. तुम्ही हजारो रुपयांचा फोन मिरवता ना, तो माझ्याशिवाय नुसता आरसा असतो. फोनची कौतुकं सगळे करतात, सिमची कोण करतंय? असो. सुरुवातीलाच कुरकुर नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी गुंजन नावाच्या मोबाईल कंपनीच्या दुकानात, एका पाकिटात पडून होतो. कुमुदिनीताई तेव्हा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांनी मला घेतलं, फोनमध्ये बसवलं आणि पहिला फोन केला तो घरीच. "अहो, मी बोलतेय. नंबर लिहून घ्या."

पलीकडे होते त्यांचे यजमान. नाव सुधाकर. ते मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं. ताईंच्या तोंडून ते नाव मी कितीतरी वर्षं ऐकलंच नाही. "अहो", "हे", "आमच्याकडे" एवढ्यावर बाईंनी सगळा संसार केला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं. ताईंचा काही त्यावर विश्वास नव्हता. मंत्र्यांच्या माणसांना दारातून परत पाठवणारी बाई ती! पण म्हणायच्या, "नाही घेतलं तर काय बिघडतंय? उगाच परीक्षा कशाला बघायची?"

सुधाकररावांना लिहून घेण्याचा भयंकर कंटाळा. म्हणून त्यांनी माझा नंबर आरतीच्या चालीवर पाठ केला. दाढी करताना गायचे, बूट घालताना गायचे. ताई चिडायच्या. "अहो, शेजारच्या चोप्राबाईंनासुद्धा पाठ झाला असेल आता!" मला मात्र फार आवडायचं. माझ्यावर आरती म्हणणारा दुसरा माणूस कुठे मिळणार?

पुढे दोघंही निवृत्त झाली. नात मृणाल नोएडाच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि आजीआजोबांकडेच राहू लागली. आणि सुधाकररावांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग चोप्राबाईंचं नाव, मग दिवसाचा वार. डॉक्टरांनी आजाराला इंग्रजी नाव दिलं. त्यांना मोबाईल घेऊन दिला तर तो फ्रिजमध्ये सापडला. एकदा फिरायला म्हणून गेले ते मेट्रोत बसून थेट करोलबागेत पोचले. तिथे त्यांना एका दुकानदाराला घराचा पत्ता सांगता येईना, सेक्टर आठवेना. पण माझा नंबर? घडाघडा! तोही चालीत. दुकानदाराने फोन लावला, ताई रिक्षा, मेट्रो करत धावत गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या.

त्या दिवशी ताई मृणालला म्हणाल्या, "काहीही झालं तरी हा नंबर बदलायचा नाही. नवा नंबर आता यांना पाठ होणार नाही." मी फोनच्या आत ताठ बसलो. एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर कोणी टाकली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या कंपनीचं लग्न ठरलं.

विलीनीकरण म्हणे! मोठ्या लोकांचे शब्दही मोठे. आमची गुंजन नभवाणी नावाच्या धनाढ्य कंपनीच्या घरी नांदायला गेली. मला कोणी विचारलं नाही, ग्राहकांनाही विचारलं नाही. एके सकाळी ताईंनी फोन हातात घेतला तर वरच्या कोपऱ्यात गुंजनच्या जागी नभवाणी! "मृणाल, अगं माझा फोन कोणीतरी हॅक केला!" मृणाल झोपेतूनच म्हणाली, "आजी, मर्जर झालंय. मेसेज आला होता ना, 'अब हम एक हैं'."

"कोण एक? मला वाटलं तुझ्या आजोबांच्या मित्राचा गुड मॉर्निंग मेसेज आहे. मी पुसून टाकला."

सासर श्रीमंत असलं तरी पहिले महिने हालाचेच. दोन घरांचे संसार एकत्र आले की भांडी जास्त होतात, तसे टॉवर जास्त झाले. आमचा गुंजनचा टॉवर समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर होता, तो उतरवला. नभवाणीचा होता मार्केटच्या पलीकडे. कागदावर सगळं छान जुळलं होतं. फक्त ताईंच्या स्वयंपाकघरात माझा श्वास कोंडायला लागला. फोन घ्यायचा तर बाल्कनीत वॉशिंग मशीनला टेकून उभं राहावं लागे. इकडे वळलं की आवाज, तिकडे वळलं की गप्प.

अशातच सुधाकरराव पुन्हा वाट चुकले. उत्तम नगरला एका ज्यूसवाल्याच्या बाकावर बसून राहिले. तो बिचारा फोन लावतोय, लावतोय, आणि ताई स्वयंपाकघरात भाकरी थापतायत. मला काही कळेना, कानच नव्हते मला! त्या कपडे वाळत घालायला बाल्कनीत आल्या तेव्हा कुठे रिंग वाजली. ताईंनी ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकला आणि जिना उतरल्या. परत आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात फोन ठेवणं सोडून दिलं. भाजी चिरायलासुद्धा बाल्कनीत बसायच्या, भर जानेवारीत, स्वेटरवर शाल घेऊन.

मग दुसरा मेसेज आला, तो मात्र मृणालने वाचून दाखवला. जुनं गुंजनचं नेटवर्क महिनाअखेरीला कायमचं बंद होणार. त्याआधी जुनं सिम देऊन नवं घ्यावं, नंबर तोच राहील. नाही घेतलं तर नंबर जाईल.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नंबर राहणार होता, म्हणून मी मन घट्ट केलं. ताई आधार कार्ड घेऊन दुकानात गेल्या. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली. "आंटी, नाम मैच नहीं कर रहा."

झालं होतं असं. गुंजनच्या दप्तरी नावासाठी तीन चौकटी होत्या. ताईंचं नाव अस्सल मराठी पद्धतीने भरलेलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. नभवाणीकडे चौकटी दोनच. दोन्हीकडची माहिती एकत्र करताना ताईंचं नाव पहिल्या चौकटीत बसलं, नवऱ्याचं नाव आडनाव होऊन बसलं आणि राजवाडे बाहेर पडले. लग्न कंपन्यांचं, आणि आडनाव बदललं आमच्या ताईंचं! काउंटरवाला म्हणाला, "हेल्पलाइन पे बात कर लो. रिकॉर्ड में जो नाम है वो आपको खुद बोलना पड़ेगा, फिर ठीक कर देंगे।"

स्वतः बोलायचं. ताई आधार कार्ड पर्समध्ये टाकून तशाच घरी आल्या.

हो-नाही करता करता शेवटचा दिवस उजाडला. रविवार होता. बाल्कनीत कोवळं ऊन पडलं होतं, सुधाकरराव मटार सोलत बसले होते, दाणे वाटीत आणि बरेचसे तोंडात. मृणालने फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे कृतिका नावाची मुलगी आली. आवाज गोड, पण नियम पक्के.

"मैम, कनेक्शन किस नाम पे है?"

"कुमुदिनी राजवाडे।"

"सॉरी मैम, रिकॉर्ड में ऐसा नहीं है।"

"कुमुदिनी... और फिर हमारे 'ये' का नाम है।"

"ये कौन, मैम?"

"ये मतलब... ये।"

"मैम, रिकॉर्ड में 'ये' भी नहीं है।"

मला इतकं हसू आलं की सिग्नलच्या दोन काड्या पडल्या. मृणालने पटकन फोन उचलून घेतला. "मैं बोल देती हूँ यार, उनका नाम..." कृतिकाने तिला तिथंच थांबवलं. कॉल रेकॉर्ड होत होता, नाव ज्यांचं कनेक्शन त्यांनीच सांगायला हवं. "मैम, आज लास्ट डेट है। शाम के बाद मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी।"

"आजी, घे ना नाव! काय प्रॉब्लेम आहे?"

"तुला नाही कळायचं ते."

"एक शब्द तर आहे!"

ताईंचा आवाज एकदम चढला. "अगं, यांची ही अशी तब्येत! एवढी वर्षं नाही घेतलं आणि आता घेऊ? मला माहितीये ते खोटं आहे. सगळं माहितीये. पण भीती वाटते मला!"

मग पलीकडून कृतिकाच हळूच म्हणाली, "मैम, मेरी नानी भी नाम नहीं लेती थीं। आपके यहाँ कोई और तरीका नहीं है?"

ताईंनी डोळे पुसले. तरीका होता की! लग्नात जेवताना, जाऊबाईंच्या आग्रहाने, सगळ्यांसमोर नाव घेतलं होतंच ना? तेवढी सूट सासूबाईंनीही दिली होती.

"उखाणा घेते," ताई म्हणाल्या.

"उखाणा म्हणजे? खायचं काही असतं का?" मृणालने विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर, काय बोलणार तिला!

ताईंनी शाल सारखी केली, डोक्यावरून पदर घेतात तशी ती डोक्यावर घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"टॉवरला भेटला टॉवर, तारेला जुळली तार,
सुधाकररावांचं नाव घेते, नंबर चालू ठेवा यार!"

पलीकडे कृतिका खळखळून हसली. मग तिचा कीबोर्ड वाजला आणि थांबला. "मैम... ये 'राव' रिकॉर्ड में नहीं है।"

"तो इज्जत के लिए लगाया है!" ताई कडाडल्या.

"बिल्कुल मैम, बिल्कुल। इज्जत मैं हटा देती हूँ, बस रिकॉर्ड से।"

सुधाकररावांनी मटाराची शेंग खाली ठेवली. ते ताईंकडे टक लावून बघत होते. "कुमुद," ते म्हणाले, "लग्नातला बरा होता. त्यात 'यार' नव्हतं." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. ताई हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, दोन्ही आवाज माझ्यातून सारखेच जात होते.

संध्याकाळच्या आत राजवाडे आडनाव परत आलं आणि नवं सिम हाती पडलं. मृणालने टाचणीने मला बाहेर काढलं. नव्याला आत बसवलं, आणि थोड्या वेळाने माझा नंबर माझ्यातून निघून त्याच्याकडे गेला. दुखलं वगैरे नाही. फक्त आतापर्यंत सारखं कोणीतरी बोलतंय असं वाटायचं, ते थांबलं. ताईंनी मला फेकलं नाही. एका छोट्या डबीत, सुट्या बटणांच्या आणि एका मोडक्या कुडीच्या शेजारी ठेवलं. डबी असते बाल्कनीतल्या टेबलावर, फोनच्या जवळच. नवं सिम हुशार आहे हो, त्याला स्वयंपाकघरातही ऐकू येतं. मला जरा जळजळ होते. होणारच!

आजचीच गोष्ट. दुपारी फोन वाजला. सवय जाते का? मी डबीतल्या डबीत उठायला बघितलं. पलीकडे मेट्रोचा सुरक्षारक्षक होता. सुधाकरराव या वेळी थेट नोएडाला, सेक्टर बावन्नच्या स्टेशनवर पोचले होते.

"आंटी, यहाँ एक अंकल बैठे हैं। आपका नंबर गा रहे हैं।"

"हाँ, हाँ! हमारे ही हैं। ठीक हैं ना?"

"ठीक हैं। पर हमने नाम पूछा तो बता नहीं पा रहे। अपना नाम भूल गए हैं शायद। आप बता दीजिए।"

ताईंनी शाल ओढली नाही. यमक शोधलं नाही.

"सुधाकर," त्या म्हणाल्या. "उनका नाम सुधाकर है। ज़ोर से बोलिए उनको। सुधाकर!"

फोनमधून रक्षकाचा आवाज आला, "सुधाकर अंकल!" मग थोडी गडबड, गाडीचा आवाज, आणि त्याच्या मागून ओळखीचा, जरासा गोंधळलेला आवाज आला.

"ओ! काय गं, कुमुद?"

ताई तिथंच वॉशिंग मशीनला टेकल्या. "तिथंच बसा. मृणालचं ऑफिस तिथून जवळच आहे, तिला पाठवते. आणि मीपण निघाले."

आता घर रिकामं आहे, म्हणून तुमच्याशी एवढं बोललो. माझं काम संपलंय, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या घरच्या माणसांना तुमचा नंबर पाठ आहे का, एकदा विचारून बघा. फोनमध्ये नव्हे हो, तोंडपाठ. नसेल तर आजच करून घ्या, वाटेल त्या चालीवर.