विट्स्केने मला कालव्यात घातलं

मी एक जुनी, काळी, लोखंडी सायकल आहे. आमच्या फ्रीसलंडमध्ये, या कालव्यांच्या सपाट मुलखात, पोरं चालायला लागली की लगेच सायकलवर बसतात. म्हणून मित्रांनो, ज्याला सायकल येत नाही त्याची मला कीव येत नाही, तिटकारा येतो.

मला कारखान्यातून आणलं खेस्के आत्याने. दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या लटकवून तिने मला वर्षानुवर्षं दामटलं, पण साखळीला तेल द्यायला कधी चुकली नाही. तिचे गुडघे गेले आणि माझं नशीब फुटलं. मी तिच्या भाचेसुनेच्या, विट्स्केच्या, हाती आले. ही बाई मालवाहू शिडाच्या बोटीवर जन्मली आणि बोटीवरच वाढली. कालव्याकाठच्या बांधावरून चालतानासुद्धा ती पाय फाकून चालायची, जणू आता लाट येणार आहे.

बोट नवऱ्यावर सोपवून ती काठावर राहायला आली ती लेकीसाठी, यिक्केसाठी. बोटवाल्यांची मुलं शिकायला शहरातल्या वसतिगृहात राहतात, आईबाप भेटतात ते सुट्टीत. विट्स्के स्वतः तशीच वाढली होती आणि लेकीच्या वाट्याला तिला ते नको होतं. पण शाळा होती बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला. सोमवारी शाळा उघडणार होती; तेव्हापासून पोरीला सायकलवर मागे बसवून नेता आलं नाही, तर यिक्केची रवानगी वसतिगृहात ठरलेली होती.

आणि ही बाई करायची काय? डावीकडे वळायचं असलं की माझं हँडल उजवीकडे फिरवायची! बोटीच्या सुकाणूचा दांडा तसाच उलटा ढकलतात म्हणे. अक्कल नसली की हात जुनंच करतात. प्रत्येक वळणाला आम्ही दोघी कालव्यात. माझ्या घंटीत चिखल गेला, आणि बदकंसुद्धा आम्हाला पाहून बाजूला व्हायला शिकली.

रविवारी इथे चर्चखेरीज कुणी काही करत नाही, म्हणजे शनिवार शेवटचा. आत्या दारात खुर्ची टाकून कॉफी पीत बसली होती.

"सायकल आहे ती, विट्स्के. पोहायला कशाला नेतेस?"

"हसा आत्या. पण मागून सीट तरी धरा."

"माझे गुडघे दुखतात गं."

"हसताना नाही ते दुखत."

आत्याने कप खाली ठेवला आणि लंगडत लंगडत आली. दिवस मावळेपर्यंत तिने माझी सीट सोडली नाही.

सोमवारी चर्चच्या वळणावर बाईचे हात पुन्हा उलटे निघाले. मी कालव्याची तयारी केली. तेवढ्यात मागून यिक्के शांतपणे म्हणाली, "आई, ही जमीन आहे."

हात थांबले, फिरले, आणि आम्ही वळलो.

पुढे कितीतरी वर्षं ती मला भयंकर चालवत राहिली. प्रत्येक पुलाआधी उतरायची. चारचौघांत मला शरम वाटे.

आता मी गोठ्यामागे गंजते आहे. मित्रांनो, चाकं फिरताहेत तोवरच सायकलीला तेल द्या. आणि येत नाही म्हणून तिच्यापासून दूर पळू नका. मी नावं ठेवीन, तो माझा स्वभावच आहे. ठेवू द्या. विट्स्केलाही मी रोज नावं ठेवली, पण यिक्के एकही रात्र वसतिगृहात झोपली नाही.