रजईखालचे अडतीस अंश

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मित्रांनो, घरात हिवाळा कधी संपावा हे मी ठरवत असे. निदान माझ्या खोक्यावर तसे छापले होते. प्रत्यक्षात मी साबणाच्या वडीएवढा असून मला दोन बटणे आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावर मला शाबासकीचा शिक्का मिळाला. तो सगळ्यांनाच मिळत होता. मग कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बंदरात, मालसुन आजींच्या घरी, ग्वाक मेस्त्रींनी मला भिंतीवर बसवले. आमच्याकडे घर जमिनीतून तापते. फरशीखाली नळ्यांची वेटोळी असतात आणि त्यांतून बॉयलरचे गरम पाणी फिरते. माझी एक तार फरशीखाली जाते. तिच्या टोकाला सेन्सर असतो. ते माझे एकमेव बोट. बोट म्हणाले गार, की मी पाणी सोडायचे. म्हणाले गरम, की बंद करायचे. भिंतीवरून मला सगळी खोली दिसे, पण जे दिसते ते नोकरीत धरायचे नसते.

गरम पाणी खोलीत जिथे पहिल्यांदा शिरते, नेमके तिथेच मेस्त्रींनी बोट पुरले होते. खोलीतली सर्वांत उबदार जागा ती. आजींचा मुलगा चोलग्यू माकूल मासळी पकडणाऱ्या बोटीवर होता. समुद्रावरून आला की तो तिथेच आडवा होई आणि म्हणे, "आई, मेलो की मला इथंच पूर."

"आधी पाय धू, मग मर," आजी म्हणत.

ते माझे वैभवाचे दिवस होते. एका हिवाळ्यात त्याची बोट परत आली नाही. बरोबरच्या खलाशांच्या घरी दिवसकार्य झाले. आजींनी केले नाही. त्यांनी भात शिजवला, झाकणाच्या पितळी वाटीत भरला, वाटी त्या उबदार जागी ठेवली आणि वर जाड रजई पांघरली. घरी यायला उशीर झालेल्या माणसाचा भात असाच ठेवतात. उशीर लांबला. भात रोज ताजा होई, रजई मात्र तिथून हलेना.

रजईखाली माझे बोट होते. त्याला अडतीस अंश जाणवत आणि मी इमानेइतबारे पाणी बंद करी. रजईबाहेर आजींच्या श्वासाची वाफ दिसे. कधी बोट निवलेच तर मी पाणी सोडी; ते पहिल्याच वळणावर रजईखाली मुरे आणि बोट ओरडे, पुरे.

शेजारच्या गावी दिलेली मुलगी हेरान आली आणि हात चोळू लागली. तिने ग्वाक मेस्त्रींना बोलावले. मेस्त्रींनी नळ्यांत अडकलेली हवा काढली.

"आता बघा आजी, घामाघूम व्हाल!"

आजी झाल्या नाहीत. मेस्त्रींनी झडप बदलली. माझा आकडा चढवला; पण जमीन करपू नये म्हणून माझी मर्यादा कारखान्यातच ठरलेली आहे. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली.

"हाच चोर आहे. की सेन्सर गेलाय? आजी, ही रजई जरा बाजूला घेतो हं."

"हात लावून तर बघ! चोलग्यूचा भात आहे तिथं."

उचललेला कोपरा मेस्त्रींनी हळूच खाली ठेवला आणि नीट दाबून बसवला. "माझी आईपण ठेवायची," ते म्हणाले, "मी लष्करात होतो तेव्हा." मग घसा साफ करून म्हणाले, "थर्मोस्टॅटच बदलू. नवा मागवतो."

"आई, निदान तू तरी त्या रजईत झोप," हेरान म्हणाली. "दाराशी काय पडतेस?"

"आणि तो आला तर? ओल्या अंगानं कुठं टेकेल?"

"अगं, विजेच्या कुकरमध्ये दिवसभर गरम राहतो भात!"

"कुकर काय वाट बघतो का गं कुणाची?"

आजींना खोकला लागला. हेरानने विजेची चादर आणून दिली. आजींनी ती रजईवर अंथरली. बोट म्हणाले, कडक उन्हाळा. मी पाणी बंद ठेवले.

खोकला छातीत उतरला. आजींना इस्पितळात नेले, तिथून त्या परतल्या नाहीत.

सगळे आटोपल्यावर हेरानने रजईची घडी घातली. खाली जमिनीवर वाटीएवढा तपकिरी डाग होता. बोटाला बऱ्याच दिवसांनी खोलीचा गारठा कळला आणि मी पाणी सोडले. संध्याकाळपर्यंत खोली कोपऱ्यापासून दारापर्यंत तापली. हेरान त्या डागावर बसली. तिने त्याच वाटीत भात वाढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

नवा थर्मोस्टॅट घेऊन मेस्त्री आले. चपला काढून आत पाऊल टाकले आणि थबकले.

"हेरानताई, हे तर तापतंय की!"

"हो."

मेस्त्रींनी घडी केलेल्या रजईकडे पाहिले. मग म्हणाले, "आणलाच आहे, तर बदलून टाकतो."

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या डोक्यात टपल्या मारू नका. जमिनीवर काही पांघरलेत तर त्याखाली काय आहे ते आठवा, आणि त्याच्या बाहेर कोण झोपते तेही पाहा.

मी आता मेस्त्रींच्या दुकानात एका डब्यात असतो. डब्यावर 'बिघडलेले' अशी चिठ्ठी आहे.