पारखणारा अग्नी

बायकोवर संशय घेणारे नवरे आपल्या आसपास किती आहेत, वाचकहो, जरा आठवून पाहा. औरंगाबादच्या छावणीतला पुंजाराम लोहार त्यांपैकीच एक. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी तो लासूरकडून इथे आला आणि बायकोसह ख्रिस्ती झाला. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गावच्या पंचांची रीत त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. बाईवर आळ आला की तापलेलं लोखंड तिच्या तळहातावर ठेवायचं. हात भाजला तर ती दोषी.

एका रविवारी पाळकांनी उपदेश केला, की अग्नी प्रत्येकाचं काम पारखतो. पुंजारामने त्यातून नेमकं भलतंच उचललं. साळूबाई आदल्या दिवशी एका टांगेवाल्याशी हसून बोलली, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. घरी येताच त्याने तिच्या तोंडात मारली. तिचा ओठ फाटला. मग केस धरून त्याने तिला अंगणातल्या भट्टीपाशी ओढत नेलं आणि कोयता निखाऱ्यात खुपसला. चर्चमधून परतणारे आठ-दहा जण कुंपणाशी जमले. कुणी हललं नाही. सांगायला शरम वाटते, पण त्यातल्या एकाने भाताही ओढला!

कोयता लाल झाला, तसा पुंजारामने तो बाहेर काढला. साळूबाईने पदराने रक्त पुसलं आणि हात पुढे केला.

"ठेवा. पण हात भाजो नायतर न भाजो, आजपासून मी तुमच्या घरात नाय."

तेवढ्यात घरोघर प्रार्थना घेणारी म्हातारी भागूबाई गर्दी सारत आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"सरका मावशी," पुंजाराम म्हणाला. "शास्त्रातच हाय, अग्नी पारखतो."

"देवाचा अग्नी, तुझा नाय. पवित्र आत्मा अग्नी होऊन शिष्यांवर उतरला, तवा कुणाचा केस बी जळला नाय. अन् पेत्रानं निखाऱ्यापाशी शेकत प्रभूला तीनदा नाकारलं. प्रभू मरणातून उठून आला, तवा त्यानं पेत्राचा हात भाजला का? त्यानं निखाऱ्यावर मासळी भाजली अन् त्याला जेवू घातलं. पेत्र तर गुन्हेगार व्हता. हिनं काय केलंय?"

पुंजारामने कोयता खाली ठेवला नाही.

"पारखायचंच हाय ना? मग ज्यानं हिचं तोंड फोडलं, तो हात आधी पुढं कर."

त्याने हाताकडे पाहिलं. बोटांवर साळूबाईचं रक्त होतं. कोयता निसटून त्याच्याच पायावर पडला. कातडी करपली, आणि तो किंचाळत खाली बसला. आपण बायकोला काय देणार होतो, ते तेव्हा त्याला कळलं. तो लहान मुलासारखा रडला.

साळूबाई भागूबाईकडे राहायला गेली. पुढच्या रविवारी पुंजाराम लंगडत चर्चमध्ये उभा राहिला.

"मी लई मोठं पाप केलं. साळू निर्दोष हाय. मी तिची माफी मागतो."

बायकांच्या बाजूला साळूबाई उठली. "यांनी मारलं व्हय, पन तुम्ही समदे बघत व्हता. तुम्ही बी उभं राहा."

 मग भाता ओढणारा खाली मान घालून उठला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे उठले. साळूबाई घरी परतली ती दोन महिन्यांनी, नवरा बदलल्याची पुरती खात्री पटल्यावरच.

वाचकहो, देवाचा अग्नी आपल्या मनातला राग आणि संशय जाळण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या तळहातावर ठेवण्यासाठी तो आपल्या हाती दिलेला नाही. आणि कुणी तो ठेवू लागलाच, तर कुंपणाशी गप्प उभा राहणाराही त्या पापाचा वाटेकरी असतो.