कुलूपकाकांचं वजन

त्या वृद्धाश्रमात बावीस म्हातारी माणसं होती आणि त्यातलं सगळ्यात धाकटं माणूस बहात्तर वर्षांचं होतं. तरीही सगळे स्वयंपाकीणबाईला मावशीच म्हणत. बावन्न वर्षांची मावशी नव्वदीच्या भाच्यांना रोज दोन वेळा जेवू घालत होती आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. अपवाद फक्त कुलूपकाकांचा. ते तिला 'पोरी' म्हणत. आईबाप गेल्यापासून तिला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बाकीच्या एकवीस जणांवर तिचा जीव होता आणि काकांवर जरा जास्त.

कुलूपकाकांनी उभं आयुष्य लोकांची कुलपं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. आश्रमात येताना त्यांनी सोबत एक पिशवी आणि अंगात एक जाडजूड जाकीट आणलं होतं. जाकिटाला बारा खिसे. कुठे किल्ल्यांचा जुडगा, कुठे कानस, कुठे पक्कड, एकात छोटी हातोडी, एकात तेलाची बाटली. ते जाकीट थंडीतही अंगात आणि उन्हाळ्यातही अंगात. झोपताना तेवढं काढत आणि उशाशी ठेवत.

तर त्या वर्षी मटण महाग झालं. एकदा झालं, लोकांनी नाकं मुरडली. पुन्हा झालं, तेव्हा लोक गप्पच झाले. मग कोंबडी महागली, तिच्यामागून अंडी महागली. खाटीक बिचारा भाव सांगताना मावशीच्या डोळ्यांत बघेनासा झाला. मावशी व्यवस्थापक साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "मावशी, भाव वाढले म्हणून आपली रक्कम वाढत नाही. आणि हो, भिंतीवरचा तक्ता बदलायचा नाही हं."

जेवणघराच्या भिंतीवर तो तक्ता होता. मंगळवार, गुरुवार, रविवार: मटण. म्हाताऱ्यांना भेटायला येणारे नातेवाईक आधी तक्ता वाचत आणि मग म्हाताऱ्यांकडे बघत. म्हणजे आणायचं निम्मं आणि वाढायचं अख्खं. हे कसं करायचं ते काही साहेबांनी सांगितलं नाही. साहेब लोक असल्या बारीकसारीक गोष्टीत पडत नाहीत.

मग मावशीने आपलं डोकं चालवलं. सकाळी लवकर येऊन, कुणी फिरकायच्या आत, ती मसूर मऊ शिजवायची. कांदा चांगला काळसर होईपर्यंत परतायची. मसूर घोटून त्यात तो कांदा आणि निम्मा खिमा मळायची आणि गोळे करून रश्शात सोडायची. रंग तोच, वास तोच. मसुराचं पातेलं ती लगेच घासून पालथं घालायची, चोरीचा माल लपवावा तसं. पहिल्या दिवशी गोळे वाढताना ती प्रत्येकाचा पहिला घास निरखत होती. बावीस जणांनी गोळे खाल्ले, तिघांनी पुन्हा मागून घेतले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. चार महिने हे असंच चाललं. आणि चार महिने तिचं मन तिला खात होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास आपण काढतोय, असं तिला वाटायचं.

इकडे साहेबांनाही मटणाची काळजी होतीच. त्यांनी फ्रीजरला कुलूप ठोकलं. सोनाराच्या तिजोरीला शोभावं असं ते कुलूप ओलाव्याने दर आठ-पंधरा दिवसांनी अडकायचं. एका मंगळवारी ते असं अडकलं की मटण आत आणि मावशी बाहेर. कुलूपकाका आले. खिशातून तेलाची बाटली काढली, एक बारीक तार काढली, कुलपाला कान लावला, आणि मिनिटभरात ते उघडलं.

"जोर नाही करायचा, पोरी. याच्याशी गोड बोलायचं असतं," काका म्हणाले. मग त्यांनी जाकीट काढून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलं. "हे इथेच राहू दे. कुलूप पुन्हा रुसणारच, तेव्हा मला नुसती हाक मार. आणि खरं सांगू का, हल्ली खांदे दुखतात माझे."

खांदे दुखतात म्हटल्यावर मावशीने त्यांना बसायला स्टूल ओढून दिलं. असं तक्रार करणाऱ्यातले काका नव्हते. त्याच खिळ्याला तिने संध्याकाळी आपला एप्रन अडकवला, आणि मग रोजच अडकवू लागली. तेल प्यालेलं कुलूप काही पुन्हा रुसलं नाही, आणि चार दिवसांत जाकीट एप्रनाखाली गेलं ते गेलंच. काका स्वेटर घालून हिंडू लागले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. रोजच्या माणसाकडे डोळे उघडून बघतो कोण?

महिन्याच्या पहिल्या सोमवारी व्हरांड्यात काटा मांडून सिस्टर सगळ्यांची वजनं घेत. त्या सोमवारी वजनं झाल्यावर सिस्टर स्वयंपाकघरात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, काका नीट जेवतात ना? एका महिन्यात पावणेतीन किलो कमी भरलेत."

मावशीने सिस्टरांच्या हातातली वही ओढून बघितली. बाकीच्यांची वजनं जिथल्या तिथे होती, दोघींची तर वाढलीही होती. पण ज्याचं मन खात असतं त्याला असला हिशेब दिसत नाही. बाकीच्यांना मसूर मानवला असेल, तिने स्वतःशी म्हटलं, पण हा लोखंडाशी झटलेला माणूस, याला मटणच हवं. मी त्याचं मटण चोरलं आणि तो वाळला.

"पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करायला सांगितलंय डॉक्टरांनी," सिस्टर म्हणाल्या. "आणखी उतरलं तर त्यांना मागच्या इमारतीत हलवायचं."

मागच्या इमारतीत प्रत्येकाला वेगळी खोली होती, दोन नर्स होत्या आणि भरपूर शांतता होती. तिथे गेलेलं माणूस पुन्हा जेवणघरात आलेलं मावशीने अजून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने काकांचं ताट वेगळं केलं. खाटकाकडून ती आपल्या घरासाठी पावशेर मटण घ्यायची, ते काकांच्या ताटात जाऊ लागलं. घरी नवऱ्याला तिने सांगून टाकलं, "डॉक्टरांनी तुम्हाला मटण बंद करायला सांगितलंय." नवरा म्हणाला, "मी डॉक्टरांकडे गेलो कधी?" ती म्हणाली, "मी गेले होते." यापुढे विचारण्यात अर्थ नाही हे तीस वर्षांच्या संसारात तो शिकला होता.

काकांच्या ताटात आता मसुराचा दाणा नव्हता. सगळा निव्वळ मटणाचा ऐवज. पण काका घास तोंडात घोळवत बसायचे. खिडकीबाहेर बघायचे. ताट निम्मंअधिक परत यायचं आणि रुमालात काहीतरी बांधून ते मागच्या दाराकडे जायचे. मागच्या दारचं मांजर चांगलं गुटगुटीत दिसू लागलं, पण तिकडे बघायला मावशीचं डोकं ठिकाणावर होतं कुठे? अन्नावरची वासनाच उडाली माणसाची, एवढंच तिला कळत होतं. तिने आणखी मटण वाढलं.

पंधरा दिवस संपले. सोमवारी सकाळी व्हरांड्यात काटा मांडला. साहेब आले होते, हातात कागद होते. गंमत बघायला बाकीचे खुर्च्या ओढून बसले होते. वृद्धाश्रमात दुसऱ्याचं वजन हीसुद्धा करमणूक असते. मावशी हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रस्सा ढवळायचा सोडून ती इथे का आली, हे तिला कुणी विचारलं नाही.

काका भिंतीला धरून काट्यावर चढले. सिस्टर वाकल्या, पुन्हा वाकल्या आणि वहीत बघून म्हणाल्या, "अजून अर्धा किलो उतरलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा!" मावशी ओरडली. पळीतला रस्सा फरशीवर सांडला. "साहेब, त्यांना नका पाठवू. पाठवायचं तर मला पाठवा. चार महिने मी गोळ्यात निम्मा मसूर घालतेय. पैसे पुरत नव्हते, तक्ता बदलायचा नव्हता, मग मी काय करणार होते? मी फसवलं तुम्हा सगळ्यांना. काकांना मीच वाळवलं."

ती रडायलाच लागली. साहेब टोपण हातात धरून तसेच राहिले. मग कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या.

"मावशी, डोळे पुसा आधी," बाई म्हणाल्या. "चार महिने मी ताटाच्या कडेला मसुराची सालं काढून ठेवतेय. तुम्हाला काय वाटलं, बकऱ्याला सालं असतात?"

सगळे हसले. एक आजी म्हणाल्या, "आम्हाला कळत होतं गं. पण तू एवढं लपवून करत होतीस, तुझा विरस कशाला करायचा?"

मावशीने काकांकडे बघितलं. काका काट्यावरच उभे होते, हसत नव्हते.

"मलाही कळत होतं," ते म्हणाले. "माझी कवळी ढिली आहे, पोरी. मऊ गोळे आले आणि कित्येक वर्षांनी मला मटण चावता आलं. आणि गेले पंधरा दिवस तू माझ्या ताटात नुसतं चामडं वाढतेयस. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस. कुणाला विचारू?" त्यांनी साहेबांच्या हातातल्या कागदांकडे बघितलं. "असो. त्या इमारतीत जायचंच असेल तर माझं जाकीट आणून दे. ते घालून जाईन."

मावशी आत गेली. दारामागचा, त्या सकाळी काळजीच्या भरात घालायचाच राहिलेला एप्रन काढला आणि एका हाताने जाकीट खिळ्यावरून उचललं. वीस लिटरचं पातेलं एकटी उतरवणारी बाई ती, पण तिचा हात मनगटातून खाली गेला. आत लोखंड खणखणलं. ती तशीच उभी राहिली. मग तिने दुसऱ्या हाताने जाकिटाला खालून आधार दिला, पुन्हा वर-खाली करून पाहिलं, आणि धावतच बाहेर आली.

"काका, उतरू नका! तिथेच उभे राहा!"

तिने काट्यावर उभ्या काकांच्या अंगात जाकीट चढवलं. एक हात, मग दुसरा हात. काटा सरसर पुढे गेला. सिस्टर वाकल्या, वहीची मागची पानं उलटली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, सहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी सांगत होते, जाकीट काढा म्हणून! काका भांडले माझ्याशी. म्हणाले, हे माझ्यातच धरा. मी धरलं. सहा वर्षं हातोडीसकट वजन लिहितेय मी!"

"मग आता किती कमी?" साहेबांनी विचारलं.

"फक्त अर्धा किलो."

"तो अर्धा किलो माझा," मावशी म्हणाली. "माझ्या निव्वळ मटणाचा."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती स्वतः व्हरांड्याच्या फरशीवर बसली, सांडलेल्या रश्शाच्या शेजारीच. किती हलकं वाटलं तिला! चार महिन्यांचं ओझं एकदम उतरलं होतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागदांची घडी केली. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि मावशीलाच विचारलं, "मसुरातही प्रोटीन असतं, बाई. तुम्ही लपवत कशाला होता?" मावशीने साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी तक्त्याकडे.

तक्ता बदलला. मंगळवार, गुरुवार, रविवार: मटण-मसूर. नातेवाइकांपैकी एकाने कुरकुर केली, त्याला बाईंनी काठी दाखवली. मसूर आता सगळ्यांसमोर शिजू लागला, आणि तो निवडायला जेवणाच्या टेबलावर चार-पाच म्हाताऱ्या बसू लागल्या. त्यांच्या गप्पांमध्ये खडे तसेच राहायचे, म्हणून मावशीला तो पुन्हा निवडावा लागायचा. नवऱ्याचं मटण पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांचं मत कसं बदललं, हे त्याने विचारलं नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार आला. काका जाकीट घालून व्हरांड्यात आले, काट्याजवळ थांबले आणि मावशीला हाक मारली. तिच्यासमोर त्यांनी जाकीट काढलं आणि तिच्या हातांत दिलं.

"घट्ट धर, पोरी. नाहीतर सिस्टर म्हणतील, पुन्हा लोखंड मोजलं."

सिस्टर वाकल्या. "नुसत्या काकांचं एक किलो वाढलंय," त्या म्हणाल्या.

मावशी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. एप्रन आत खिळ्यावर राहिला होता. मग तिने जाकिटानेच तोंड पुसलं, आणि बारा खिशांतल्या किल्ल्या व्हरांडाभर वाजल्या.