आजोबांच्या खोलीचं दार

मी एक जुना दरवाजा आहे. हसू नका, मित्रांनो. तुम्हाला मी टेबल दिसतो, हे ठाऊक आहे मला. चार पायांवर आडवा पडलो आहे आणि अंगावर वह्या-पुस्तकांचा पसारा आहे. पण जरा डावीकडे बघा, कडीचं भोक अजून तसंच आहे. खाली वाकलात तर बिजागऱ्यांच्या खुणाही दिसतील.

मला साळूच्या आजोबांनी घडवलं. घरातले मोठे त्यांना अण्णा म्हणत. ते सुतार होते. लोकांची दारं-खिडक्या करून जे लाकूड उरलं, त्यातून त्यांनी मला स्वतःच्या घरासाठी केलं. रंधा मारून झाला की माझ्यावरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "आता कसा शहाण्यासारखा गुळगुळीत झालास!" आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेला आणि खोकला त्यांना जन्माचा चिकटला.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सगळा संसार, आतल्या खोलीत आजोबांची खाट, आणि मधे मी. माझा रुबाब काय सांगू! मी लागलो की आतला खोकला आत आणि बाहेरचा कुकर बाहेर. कुरकुरायचो मात्र फार. मग आजोबा बिजागरीत थेंबभर तेल सोडायचे. "म्हातारपणी कुरकुर चालायचीच रे," म्हणायचे. "तुझी निदान मी ऐकतो, माझी कोण ऐकतंय?"

मग साथीचे ते दिवस आले. शाळा बंद झाल्या, दुकानं बंद झाली आणि शाळा फोनच्या एवढ्याशा पडद्यात येऊन बसली. साळू ही या घरातली एकुलती एक नात. साळुंकीसारखी बडबडते म्हणून साळू. पण ती बडबडी पोर वर्गात गप्पच झाली. मांडीवर उशी, उशीवर फोन, पाठीला बाक. कधी फोन घसरायचा, कधी मागून आई जायची, आणि उत्तर देता देता तिचं तोंड मिटायचं. शेवटी बाईंनी आई-बाबांना सांगितलं, "तिला घरात एक ठरलेली जागा द्या. टेबल, उजेड आणि मुख्य म्हणजे शांतता. असंच चाललं तर पोर मागे पडेल हो."

साळूचे बाबाही सुतारच. त्यांनी मनावर घेतलं, पण लाकडाची वखार बंद होती. ते डोक्याला हात लावून बसले, तेव्हा आजोबाच म्हणाले, "अरे, एवढं लाकूड घरात उभं आहे आणि तू वखारी कसल्या शोधतोस? माझ्या खोलीचं दार काढ."

"अण्णा, मग तुम्हाला आडोसा?"

"मला काय झाकायचंय आता?"

"छान! सुताराच्या घराला दार नाही," आई म्हणाली. "लोक तोंडात पदर धरून हसतील." सगळे हसले. बाबांनी माझे स्क्रू काढायला घेतले.

काम मात्र मनापासून झालं. साळूला खुर्चीत बसवून बाबांनी तिच्या कोपराची उंची घेतली आणि तेवढेच माझे पाय केले. वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून मला खिडकीच्या उजव्या अंगाला ठेवलं. मागच्या भिंतीला पांढऱ्या रंगाचा हात दिला. चार्जरची वायर माझ्या कडीच्या भोकातून खाली सोडली. आईने कुकरची वेळ बदलली. आजोबांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही टोचेल पोरीच्या मनगटाला." मग पॉलिश पेपर घेऊन ते ती कड घासत बसले. खोकत होते, तरी घासत होते. माझ्या जागी एक जुनी चादर टांगली गेली.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. सुतारांचं घर ते, सगळ्यांनी लाकडाचाच विचार केला. टेबल मिळालं, पण दार गेल्यावर आवाज कोण अडवणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चादरीने कधी खोकला अडतो का?

त्या दिवशी साळूने पहिल्यांदा आपणहून हात वर केला. झाडाच्या मुळांचं काम तिला तोंडपाठ होतं. ती बोलायला लागली आणि आतून आजोबांना जी उबळ आली, ती थांबेचना. पडद्यावरची मुलं फिदीफिदी हसली. "तुमच्याकडे इंजिन आहे का गं?" एकजण म्हणाला. बाई म्हणाल्या, "साळू, आधी आवाज बंद कर बघू," आणि दुसऱ्या मुलाला विचारलं.

साळू ताडकन उठली. चादर बाजूला करून ओरडली, "आजोबा, तुम्हाला गप्प नाही का बसता येत? तुमच्यामुळे हसले सगळे मला! जा ना कुठेतरी!"

आजोबा खाटेवर तोंडाशी टॉवेल धरून बसले होते. "चुकलंच बाळा माझं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाची वेळ झाली की आजोबा शाल गुंडाळायचे, स्टूल उचलायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. "अण्णा, गार वारा आहे हो बाहेर," आई म्हणायची. "आत कोंदट होतं गं. जिन्यात चार माणसं भेटतात." कसली चार माणसं! सगळी जनता आपापल्या घरात कोंडलेली. पण घरात शांतता झाली होती, साळू बोलू लागली होती, म्हणून कुणी खोलात शिरलं नाही.

वर्ग संपला की आजोबा आत यायचे, थंडीने काळेनिळे पडलेले ओठ घेऊन. "आज छान बोललीस हो," म्हणायचे. "जिन्यात ऐकू आलं मला." साळू मान खाली घालून माझ्यावर रेघोट्या ओढायची. तिला माफी मागायची होती. रोज ओठांपर्यंत यायचं आणि रोज उद्यावर जायचं.

थंडी त्यांच्या छातीत बसली. ताप चढला, दवाखान्यात नेलं. तिथे कुणाला भेटू देत नव्हते. एकदा फोन लावून दिला, पण आजोबांना बोलता येईना, नुसता खोकला आला. याच फोनवर, इथेच बसून, साळू तो कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली. "आजोबा, खोका तुम्ही, मी ऐकतेय," म्हणत राहिली. आजोबा परत आले नाहीत.

साळू पुन्हा वर्गाला बसली, तेव्हा बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. "मुलांनो, साळूकडे बघा. एवढासाही आवाज नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "साळू, सांग बरं सगळ्यांना, घरी काय काय केलंत?"

"बाबांनी टेबल केलं," साळू म्हणाली. "आईने कुकर थांबवला. भिंत पांढरी केली." मग तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "आणि आजोबांना मी बाहेर घालवलं."

तिने आवाज बंद केला नाही. आजोबांनी घासलेल्या कडेवर गाल ठेवून ती हुंदके देऊन रडली. कुणीही हसलं नाही.

संध्याकाळी बाबांनी माझ्यावर हात ठेवून विचारलं, "दार परत बसवू का गं?"

"आता कशाला?" साळू म्हणाली.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण आतून पार चिरलो आहे. तुमच्या अभ्यासाला जागा हवी, उजेड हवा, शांतता हवी. सगळं मांडा, हौसेने मांडा. पण त्या जागेसाठी घरातलं माणूस उठवू नका. वर्ग चालू असताना आत कुणी खोकलं, तर उठा आणि पाण्याचा पेला नेऊन द्या. तेवढा वेळ बाई थांबतील.